क्लॅरीच्या टीममध्ये नसलेला चौदा नंबर

क्लॅरी नूननने एकोणतीस वर्षं मिनागाँगची शाळेची बस चालवली, आणि त्याहून जास्त वर्षं गावाच्या फुटबॉल टीमची निवड केली. बस चालवायला त्याला सरकारने ठेवलं होतं. टीम निवडायला कुणीच ठेवलं नव्हतं, पण हे दुसरं काम तो जास्त मन लावून करायचा.

गुरुवारी दुपारी बारा वाजता तो जेनिनच्या बेकरीत यायचा, एक गरम खिमा पॅटीस घ्यायचा आणि काउंटरला टेकून नावं सांगायला लागायचा. इथल्या फुटबॉलात बॉल हातानेही धरतात, आणि नावं लागतात बावीस: अठरा मैदानावरचे, चार बाकावरचे. जेनिन ती पावाच्या तपकिरी कागदावर जाड पेनने लिहायची आणि काचेला चिकटवायची. खरी टीम संध्याकाळी सराव संपला की क्लबात वाचली जाई, पण गावाला आधी क्लॅरीची टीम लागायची. येणारे-जाणारे थांबून वाचत, नाक मुरडत, म्हातारा खुळावलाय म्हणत, आणि संध्याकाळी खरी टीम तिच्याशी ताडून बघत. बावीसमधली एकोणीस-वीस नावं जुळायची. उरलेल्या दोन-तीन नावांत कोच चुकलेला असायचा, निदान क्लॅरीच्या मते तरी.

टीममधल्या बहुतेकांना त्याने पाच वर्षांचे असल्यापासून बसच्या आरशात पाहिलं होतं. कोण ढकलाढकली करून खिडकी मिळवतो, कोण ओकणाऱ्या धाकट्या भावाला मांडीवर घेतो, कोण मार खाऊनही दुसऱ्याचं नाव सांगत नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं आणि निवडीत तो ते धरायचा. ती पोरं आता दाढ्यामिश्यांचे बाप्ये झाली होती, तरी त्याला ड्रायव्हरच म्हणायची. त्याने कुणाची भीड ठेवली नाही. एकदा सख्ख्या भाच्याला वगळलं, तेव्हा बहीण ख्रिसमसपर्यंत बोलली नव्हती.

गेले तीन हंगाम तो चौदा नंबरला वगळत होता. चौदा नंबर म्हणजे रॉडनी नोस्के. वय पस्तीस, गव्हाची शेती, थोडी मेंढरं, क्लबात सोळावा हंगाम. मागच्या कोपऱ्यात उभं राहून समोरच्या टीमच्या सगळ्यांत तापदायक माणसाला गोल करू द्यायचा नाही, हे त्याचं काम. मिनागाँगने शेवटचं विजेतेपद जिंकलं ते रॉडनी क्लबात यायच्या तीन वर्षं आधी. पुढच्या हंगामात आपण खेळणार नाही, हे त्याने सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

"रॉडनी माणूस सोन्यासारखा आहे," क्लॅरी म्हणायचा, "पण बस सुटल्यावर घरातून निघतो."

रॉडनी काचेवरची टीम वाचायचा, आपलं नाव नाही बघून हसायचा आणि पाव घेऊन जायचा.

आणि हाच रॉडनी दर बुधवारी क्लॅरीला हॉर्शम शहरात न्यायचा. रॉडनीला मेंढरांच्या बाजाराला जायचं असे, क्लॅरीची म्हातारी बहीण तिथल्या वृद्धाश्रमात होती. गेल्या उन्हाळ्यापासून क्लॅरीने गाडी चालवणं सोडलं होतं. क्लच दाबताना गुडघा दुखतो, असं त्याने गावभर सांगितलं होतं. शनिवारी सामन्यालाही रॉडनीच क्लॅरीची जुनी फोर्ड मैदानाच्या कुंपणाशी, नेहमीच्या जागी, तोंड मैदानाकडे करून लावून द्यायचा.

गुडघा ठणठणीत होता. गेले होते ते डोळे. म्हणजे कडेचं दिसत होतं, मधलं गेलं होतं. समोर माणूस आला की त्याची टोपी दिसे, खांदे दिसत, बूट दिसत, आणि तोंडाच्या जागी ओल्या बोटाने पुसल्यासारखा डाग. पाठीवरचे नंबर तर कधीच पुसले गेले होते. हे परत येणार नाही, असं डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं. क्लॅरीने ते कुणालाही सांगितलं नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, बस दुसऱ्याच्या हातात गेली होती. आंधळ्याने निवडलेली टीम कोण वाचणार? त्याला भीती वाटत होती, आणि ती मरणाची नव्हती. बेकरीची काच रिकामी राहील, याची होती.

जूनमध्ये इथला हिवाळा लागला तसा रॉडनीला गाडीत कंठ फुटला. एरवी हा माणूस चार मैलांत चार शब्द बोलणारा.

"काल सरावात टोबीचा डावा पाय काय चालत होता, नाही?" तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणायचा.

"हो, बघितलं मी," क्लॅरी म्हणायचा.

"पण बॉल सुटला की त्याची मान खाली जाते. दमतोय तो. बाकावरून आणला तर बरा."

"तेच म्हणतो मी."

"आणि हॅमिशचा खांदा अजून दुखतोय. सांगत नाही, पण उजव्या हाताने उंच बॉल घेत नाही."

"माझ्या नजरेतून सुटतंय होय."

अशी हॉर्शम येईपर्यंत अख्खी टीम होऊन जायची. रॉडनी कुणाची उगाच स्तुती करत नसे, कुणाला उगाच पाण्यात पाहत नसे. क्लॅरी एकेक शब्द मनात जपून ठेवायचा आणि गुरुवारी जेनिनपुढे आपला म्हणून सांगायचा. रॉडनी गप्पा मारतोय आणि आपण हळूच कामाचं उचलतोय, असं त्याला वाटायचं. शेवटी तो कधीमधी विचारायचा, "आणि तुझं कसं चाललंय?"

"ठीकच," रॉडनी म्हणायचा.

जुलैत रॉडनीच्या मांडीचा स्नायू फाटला. बरा होऊन आल्यावर तो क्लबाच्या दुसऱ्या, राखीव टीममधून खेळू लागला. त्या टीमचा सामना मुख्य सामन्याच्या आधी, दुपारी असतो. क्लॅरी गाडीत बसून हॉर्न ऐकायचा. मिनागाँगचा गोल झाला की कुंपणाभोवतीच्या सगळ्या गाड्या हॉर्न वाजवतात. तो वाजवायला क्लॅरी कधी चुकला नाही, फक्त इतरांच्या मागून वाजवायचा.

सप्टेंबरात टीम अंतिम सामन्यात पोचली. समोर टेलफोर्ड. आणि उपांत्य सामन्यात मागच्या कोपऱ्यातल्या पोराचं गळ्याजवळचं हाड मोडलं. एक जागा रिकामी झाली. क्लॅरीने त्या गुरुवारी तिथे एकोणीस वर्षांच्या जेडनचं नाव सांगितलं. जेडन वाऱ्यासारखा पळतो, असं रॉडनीनेच आदल्या दिवशी गाडीत सांगितलं होतं.

जेनिनने पेन थांबवलं. "जेडन? रॉडनी नाही?"

"रॉडनी दुसऱ्या टीममध्ये आहे."

"दुसऱ्या टीममध्ये आहे म्हणून काय झालं? चार आठवडे तिथे सगळ्यांत चांगला तोच खेळतोय. गेल्या शनिवारी त्याने समोरच्या गड्याला चारही क्वार्टरमध्ये एकही गोल करू दिला नाही. तुम्ही होतात की तिथे, गाडीत."

क्लॅरीच्या हातातलं पॅटीस तसंच राहिलं. होता तो तिथे. पण मागच्या कोपऱ्यात अडवलेल्या बॉलसाठी कुणी हॉर्न वाजवत नाही. गोल झाला नाही, की गाड्या गप्पच असतात. तीस मीटरवर रॉडनी जीव तोडून खेळत होता आणि क्लॅरीच्या कानावर त्यातलं काहीच आलं नव्हतं. आणि रॉडनीने बावीस-पंचवीस जणांची कुंडली मांडली होती, त्यात स्वतःची तेवढी मांडली नव्हती.

"लिहू का जेडन?" जेनिनने विचारलं.

"लिही," तो म्हणाला, कारण दुसरं काही सुचलं नाही. तिने कागद चिकटवला.

दुपारभर तो घरात बसून राहिला. कोचही काच वाचतो, हे त्याला ठाऊक होतं. आपण रॉडनीची जागा खाल्ली, हे मनातून जाईना. खरं सांगितलं तर रॉडनीचं भलं होईल, पण मग क्लॅरीची टीम कायमची बंद. न सांगितलं तर शनिवारी रॉडनी आपल्याला कुंपणाशी सोडेल, खिडकीतून हात हलवेल आणि सोळा हंगामांनंतर बाकावरही न बसता सामना बघेल. सराव संपायच्या वेळी क्लॅरीने टोपी घातली आणि कुंपणाला हात लावत लावत क्लबात गेला.

मागच्या खोलीत दोघं निवडीला बसले होते. कोच ॲडम पिकरिंग, चाळिशीचा, हाही बसमधलाच, आणि मर्व्ह टकेट, जो क्लॅरीच्या वर्गात होता. भिंतीवर लोखंडी फळा होता, नावांच्या चुंबकाच्या पट्ट्या त्यावर लावलेल्या.

"तुमची टीम वाचली, ड्रायव्हर," ॲडम म्हणाला. "आम्हीही जेडनलाच लावलाय."

"ते बदला. आधी माझं ऐका." क्लॅरीने खुर्चीची पाठ धरली. "मला दिसत नाही. या हंगामात मी एकही नंबर वाचलेला नाही. जी टीम सांगितली ती सगळी थाप."

बाहेर कुणीतरी सॉसेज परतत होतं, त्याचा आवाज येत होता.

"माहीत आहे रे," मर्व्ह म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"दिसत नाही ते. जूनपासून माहीत आहे. तू मला दोनदा केव्हिन म्हणून हाक मारलीस. केव्हिनला जाऊन आठ वर्षं झाली."

क्लॅरीचं तोंड लाल झालं. "मग माझी टीम कशाला वाचत होतात? कीव येत होती म्हणून?"

"रॉडनीची म्हणून वाचत होतो," ॲडम म्हणाला. "गाडीत तो तुम्हाला सगळं सांगतो, हे अख्ख्या क्लबाला माहीत आहे. सरावात मी बॉलच्या मागे असतो. माणसं त्याला दिसतात. मी विचारलं तर म्हणतो, सगळे मस्त आहेत, कोच. कुणाचं वाईट माझ्याकडे बोलत नाही. खरं काय ते तुम्हाला सांगतो. म्हणून दर गुरुवारी मी काचेपाशी जातो." त्याने फळ्यावरच्या जेडनच्या पट्टीवर बोट ठेवलं. "तीन हंगाम तुम्ही त्याला वगळता, ते मी धरत नसे. पण मांडी बरी झाल्यावरही चार आठवडे तिथे त्याचं स्वतःचं नाव नाही. मला वाटलं, तो कळवतोय. मांडी अजून दुखतेय, मला घेऊ नका, आणि तोंडाने सांगायला जिवावर येतंय. म्हटलं, त्याला कशाला अवघडायला लावा."

"अरे, त्याने स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाही. मी विचारलं की ठीकच."

आता यांना काय म्हणावं? मर्व्हने क्लॅरीचं मन जपलं, ॲडमने रॉडनीचं जपलं, क्लॅरीने आपली अब्रू जपली, आणि सगळ्यांनी मूग गिळून रॉडनीला घरी बसवलं. एकानेही सरळ तोंड उघडलं नाही.

ॲडमने दार उघडून हाक मारली. रॉडनी आला आणि उंबऱ्यातच थांबला. क्लॅरीला त्याचे चिखलाचे बूट दिसले आणि एक कान.

"ड्रायव्हरला सांग," ॲडम म्हणाला, "चौदा नंबर कसा आहे ते. बुधवारी बाकीच्यांचं सांगतोस तसं."

"ते बरं दिसत नाही, कोच."

"रॉडनी," क्लॅरी म्हणाला, "मला दिसत नाही हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"उन्हाळ्यापासून. तुम्ही गाडीच्या भलत्याच बाजूला जाऊन उभे राहिलात, तेव्हापासून."

"आणि बोलला नाहीस."

"तुम्ही बोलला नाहीत ना, ड्रायव्हर."

क्लॅरी त्याच्या आवाजाच्या दिशेने वळला. "हंगामभर मी तुझ्या डोळ्यांनी बघितलं. सगळे दिसले, तू एकटा दिसला नाहीस. आता सांग. जसं आहे तसं, कमी नाही, जास्त नाही."

रॉडनी बुटांकडे बघत होता. मग गाडीतल्या त्याच सावकाश आवाजात बोलू लागला.

"चौदा नंबर हळू आहे. पहिल्या पाच पावलांत मार खातो. मांडी तीन क्वार्टर साथ देईल, चौथ्यात कुरकुर करेल. जेडन त्याच्यापेक्षा दुप्पट पळतो." तो थांबला. "पण जेडन बॉलकडे बघतो. टेलफोर्डचा तो नऊ नंबर आहे ना, तो डावीकडे वळायच्या आधी खांदा पाडतो. जेडनला ते अजून दिसत नाही. चौदा नंबरला दिसतं. त्याने नऊ नंबरला सहा वर्षं बघितलंय."

"मग? तू असतास तर कुणाला घेतलं असतंस?"

"मी..." रॉडनीचा आवाज सावकाश राहिला नाही. "मी चौदा नंबरला घेतलं असतं. एकदाच. त्याला खेळायचंय, ड्रायव्हर. फार खेळायचंय."

ॲडमने मर्व्हकडे पाहिलं. मर्व्हने मान डोलावली. फळ्यावरून एक पट्टी निघाल्याचा आणि दुसरी टक्क करून बसल्याचा आवाज आला.

"कुठे लावलीस?" क्लॅरीने विचारलं.

"मागच्या कोपऱ्यात. पहिल्या मिनिटापासून," ॲडम म्हणाला. "टीम वाचायच्या आधी मी जेडनला बाजूला घेऊन सांगतो. ते माझं काम." आणि तो बाहेर गेला. मर्व्हही चष्मा शोधायचं निमित्त करून त्याच्यामागून निघाला.

रॉडनी जिथे होता तिथेच उभा होता. त्याच्या तोंडावर आता काय आहे ते क्लॅरीला बघायचं होतं आणि दिसत नव्हतं. म्हणून तो चार पावलं पुढे गेला आणि त्याने आपला म्हातारा हात रॉडनीच्या गालावर ठेवला. गाल ओला होता. रॉडनी हलला नाही, आणि क्लॅरीने बाहेर नावं वाचायला सुरुवात होईपर्यंत हात काढला नाही.