शेपटीवर डोळा असलेली मगर

आमच्या मजल्यावर जिन्याला लागून जे घर आहे, तिथे पेंटर आणि माई राहतात. पेंटर हा त्यांचा धंदा. पण तो इतकी वर्षं केला की नाव मागे पडलं आणि धंदाच पुढे आला. आमच्या रस्त्यावरच्या बहुतेक दुकानांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या. न्हाव्याची, चष्मेवाल्याची, सायकलदुरुस्तीची. शिडीवर चढायचे, एक डोळा मिटायचे, श्वास रोखायचे आणि रेघ ओढायचे. फूटपट्टीने मान खाली घालावी अशी रेघ. स्वभावही तसाच, सरळ आणि जरा ताठ. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी भिंतीवरचं वाकडं कॅलेंडर उठून सरळ केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही.

माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, घरातच पाळणाघर चालवायच्या. बाहेरच्या खोलीत पाच मुलं. त्यातलं एक आमचं. दिवसभर "का? का?" करतो म्हणून माईंनी त्याला कावळा म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव असं चिकटलं की मीही घरी तीच हाक मारते. दुसरी मुंगी. चार वर्षांची, अंगाने एवढीशी, आणि सतत स्वतःपेक्षा मोठं काहीतरी ओढत नेणारी. कधी उशी, कधी खुर्ची. दोन जुळे भाऊ होते, त्यांना सगळे 'जोडी' म्हणत. आणि एक रांगतं बाळ.

मग पेंटरांचा उजवा हात थरथरायला लागला. सुरुवातीला अगदी थोडा, कप बशीवर किणकिणावा इतकाच. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना एका अक्षराची रेघ हलली. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "अहो, खालून कुणाला दिसतंय?"

"मला दिसतंय ना," पेंटर म्हणाले.

पाटी त्यांनी पुसून टाकली, ओळखीच्या दुसऱ्या पेंटरला बोलावून त्याच्याकडून करून घेतली, आणि घरी येऊन सगळे ब्रश कपाटावरच्या डब्यात टाकले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. हात जरा स्थिरावला, पण रेघेला लागतो तेवढा नाही.

माणूस घरी बसला. आजवर ते सकाळी निघायचे आणि मुलं गेल्यावर परतायचे, त्यामुळे पाच मुलं घर कसं डोक्यावर घेतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. "पाच कुठे, पन्नास असतील," असं म्हणून ते आतल्या खोलीत दार लोटून बसायचे. हात खिशात. जेवायलाही मुलं झोपल्यावरच बाहेर यायचे. माई काही बोलायच्या नाहीत. मला मात्र एकदा जिन्यात म्हणाल्या, "अगं, बाकीच्यांची मुलं सांभाळणं सोपं आहे. आतलं एक मूल फार रुसलंय."

एक दिवस माईंची दाढ ठणकायला लागली. गाल सुजून टम्म. दातांच्या डॉक्टरकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी बाळ माझ्याकडे दिलं आणि बाकी चौघं पेंटरांकडे सोपवली. "तासाभरात येते," त्या म्हणाल्या, "तोवर घर जाग्यावर असू द्या म्हणजे झालं."

माई जिना उतरतात न उतरतात तोच मुंगीने स्वयंपाकघरातून सुक्या कचऱ्याचा डबा ओढत आणला आणि खोलीच्या मध्यभागी पालथा केला. टूथपेस्टची खोकी, बाटल्यांची झाकणं, अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या. पेंटर ओरडणार, एवढ्यात तिने एक खोकं उचलून त्यांच्यासमोर धरलं. "आजोबा, ही बस आहे. पण चाकं पळून गेली."

पेंटर खाली बसले. दुसरं काय करणार? खोक्याला त्यांनी खिडक्या कापल्या, झाकणांची चाकं लावली, आत पुठ्ठ्याची बाकं बसवली. हात हलत होता, पण कात्रीला रेघेइतकी शिस्त लागत नाही. माई परतल्या तेव्हा घर जाग्यावर होतं, आणि यजमान फरशीवर मांडी घालून बसच्या मागच्या शिडीसाठी काड्या शोधत होते.

त्या दिवसापासून त्यांना नादच लागला. अग्निशमनाची गाडी झाली, दिव्याचा खांब झाला, दुमजली घर झालं. ओळखीच्या घरांतून रिकामी खोकी यायला लागली. दारावर येणारा भंगारवाला माईंना म्हणालासुद्धा, "माझ्या पोटावर पाय आणताय की!" पेंटर प्रत्येक वस्तू फळीवर ओळीने मांडायचे. आणि मुलं? मुलं फळीसमोर हाताची घडी, तोंडावर बोट अशी उभी. कारण हात लावायचा नाही, सुकतंय. सुकल्यावरही लावायचा नाही, मोडेल.

"दुकान थाटलंत छान," माई म्हणाल्या, "गिऱ्हाइकांना मात्र आत घेत नाही."

मुलांनी मग आपला मार्ग काढला. फळीखाली, पेंटरांच्या पाठीमागे, उरलेल्या तुकड्यांवर त्यांचा वेगळाच कारखाना सुरू झाला. माईंनी त्यांना चिकटवायला वाटीभर खळ शिजवून दिली. सगळ्यात मोठं काम मुंगीचं. अंड्यांचा अर्धा ट्रे म्हणजे पाठीवरचे उंचवटे, फाडलेलं खोकं म्हणजे जबडा, जुन्या शर्टाची बटणं म्हणजे डोळे. मगर. दोन दिवस ती त्यात बुडून गेली होती. खळ कोपरापर्यंत. मगर पूर्ण झाली तेव्हा तिचा जबडा एका बाजूला लोंबत होता, पाय तीन होते, एक डोळा डोक्यावर आणि दुसरा पार शेपटीच्या टोकाला.

दुपारी मुलं झोपली. पेंटर पाणी प्यायला बाहेर आले आणि त्यांना ती मगर दिसली. आता वाकडं कॅलेंडर ज्याला बघवत नाही, त्याला अशी मगर कशी बघवणार? त्यांनी जबडा नीट कापून बसवला, चौथा पाय लावला, शेपटीवरचा डोळा काढून डोक्यावर दुसऱ्याच्या शेजारी चिकटवला, आणि वरून हिरव्या कागदाचे खवले लावले. त्यांचा हेतू चांगलाच होता. मुंगी उठून टाळ्या पिटेल म्हणून ते चक्क खुर्ची ओढून वाट बघत बसले.

मुंगी उठली. डोळे चोळत फळीखाली गेली, वाकली, उशीमागे बघितलं. मग म्हणाली, "माझी मगर कुठे गेली?"

"ही काय! तुझीच आहे. बघ तरी, कशी झालीय आता!"

तिने मगर हातात घेतली, फिरवून बघितली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. "ही तुमची आहे," ती म्हणाली. "माझी मगर मागचं बघायची. कुणी शेपूट ओढायला आलं तर तिला दिसायचं."

मोठ्याने रडली असती तर बरं झालं असतं. पण ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि नुसते खांदे हलत राहिले. पेंटरांनी आशेने माईंकडे बघितलं. माई बाळाला भरवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या पाटीवर कुणी रात्रीत चढून अक्षरं सुधारून गेलं असतं, तर तुम्ही त्याला पेढे वाटले असते का?"

दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या आधीच पेंटर बाहेरच्या खोलीत येऊन बसले होते. समोर अंड्यांचा नवा ट्रे, खोकं, बटणं. मी कावळ्याला सोडायला गेले, तर मला वाटलं माईंकडे सहावं मूल आलंय. मुंगी आली. दारातच थबकली.

"माझं चुकलं," पेंटर तिला म्हणाले. आमच्यासारख्या मोठ्यांनाही त्यांनी हे कधी ऐकवलं नव्हतं. "तुझी मगर कशी होती ते मला नीट आठवत नाहीये. शिकवशील?"

मुंगीने बराच विचार केला. मग चपला काढून समोर येऊन बसली. "मी सांगते," ती म्हणाली, "तुम्ही करा."

आणि तिने करून घेतली. उंटावरून शेळ्या हाकणं काय असतं ते त्या दिवशी बघावं. जबडा असा नाही, असा. पाय तीनच, चौथा पाण्यात आहे. शेवटी शेपटीवरचा डोळा आला. बटण लहान, खळ घसरडी. पेंटरांनी चिमटीत बटण धरलं आणि हात थरथरायला लागला. त्यांनी तो पटकन मागे घेतला. पण कावळ्याने बघितलंच होतं.

"आजोबा, तुमचा हात का हलतो?"

मी दारात होते. निघायला उशीर झाला होता, तरी पाय निघेना. पोराच्या जिभेला हाड नाही, आता काय होणार?

पेंटर हात सगळ्यांसमोर धरून म्हणाले, "काय सांगू? माझं ऐकतच नाही तो. तूच विचारून बघ."

कावळा खाली वाकला आणि हाताला विचारलं, "का रे?"

जोडी फिदीफिदी हसली. पेंटरही हसले, हसताना हात आणखीच हलला. मुंगी मात्र हसली नाही. तिने दोन्ही हातांनी त्यांचं मनगट घट्ट पकडलं. "मी धरते," ती म्हणाली, "तुम्ही लावा."

बटण लागलं. जरा तिरकं, पण लागलं. तिने जवळून बघितलं आणि म्हणाली, "आता घाबरलेली मगर झाली. चालेल."

त्यानंतर फळीवरच्या वस्तू खाली आल्या. जोडीने अग्निशमनाच्या गाडीचे दोन दिवसांत तीन तेरा वाजवले आणि तिच्यापासून एक विमान केलं, असं त्यांचं म्हणणं होतं. पेंटर रोज मुलांत बसायला लागले. कुणी मागितलं तर भोक पाडून द्यायचे, दोरी ओवून द्यायचे, आणि एरवी हात मांडीखाली दाबून बसायचे. "हातांना खाज सुटते गं," ते माईंना म्हणायचे, "ते झाकण जरा डावीकडे सरकवलं ना, तर..." माई नुसत्या बघायच्या. मग ते पुन्हा हात मांडीखाली घालायचे.

संध्याकाळी मुलांना न्यायला गेलो की आमच्या हातात काहीतरी पडायचं. विरलेल्या मोज्याचा ससा, पिशव्यांच्या पट्ट्यांची शेपटी असलेला पक्षी. जोडीचे वडील एकदा चेष्टेत म्हणाले, "पेंटर, मी सकाळी घरचा कचरा तुमच्याकडे पाठवतो आणि संध्याकाळी तुम्ही तो साभार परत करता."

"परत कुठे?" पेंटर म्हणाले. "सकाळी खोकं होतं. आता घुबड आहे. सांभाळून न्या, त्याला उजेड सोसत नाही."

वडिलांनी खरंच त्यावर रुमाल टाकला.

मुंगी शाळेत जायला लागली त्या वर्षी पेंटरांच्या गोळ्या वाढल्या होत्या. शर्टाची बटणं आता माई लावून द्यायच्या. नव्या मुलांचे आईवडील घर शोधत भलत्याच मजल्यावर जायचे, म्हणून माईंनी दारावर पाटी हवी असा हट्ट धरला. पेंटर म्हणाले, बाहेरून करून घेऊ. मुंगी शाळा सुटल्यावर अजून यायची. ती म्हणाली, आपणच करू. बुटांच्या खोक्यांवर पेंटरांनी पेन्सिलीने अक्षरं काढली, हात जाईल तशी. मुलांनी ती फाडून काढली आणि पुठ्ठ्यावर चिकटवली, हात येईल तशी. एकही अक्षर दुसऱ्याच्या रांगेत बसलं नाही. पेंटरांनी एक डोळा मिटून पाटीकडे बराच वेळ बघितलं, आणि खिळा ठोकायला मला हातोडी दिली.

पार्सल घेऊन आलेला माणूस पाटी बघून हसला. "अक्षरं नाचतायत की, काका."

"मग? पाळणाघर आहे," पेंटर म्हणाले. "सरळ उभं राहिलेलं एखादं तरी दाखव आत."

परवा मी कावळ्याला आणायला गेले तेव्हा बाळ, आता चांगलं धावणारं, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळत होतं. माई फरशीवर बसल्या होत्या. इतकी वर्षं मुलांसाठी खळ शिजवली, पिशव्या धुतल्या, पण स्वतः कधी काही करायला बसल्या नव्हत्या. त्या दिवशी चहाच्या रिकाम्या पुड्याला त्या लोकरीचे तुकडे चिकटवत होत्या. गुंतून गेल्या होत्या. पेंटर शेजारी बसून बघत होते.

"काय आहे हे?" त्यांनी विचारलं.

"ओळखा."

"गाय?"

"गाय कशी असेल? चष्मा दिसत नाही का?"

पेंटरांनी आपला चष्मा वर सरकवून मान तिरकी केली. पुढे वाकले. "शिक्षिका आहे कुणी?"

"अहो, तुम्ही आहात!"

मुलं खो खो हसत सुटली. पेंटर मात्र त्या पुड्याकडे बघतच राहिले. "हात एवढे लांब का केलेस?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला आवडले म्हणून," माई म्हणाल्या, आणि उरलेली लोकर शोधायला लागल्या. "आता मध्ये बोलू नका. केस राहिलेत अजून."