सविताच्या बाळाचं दुप्पट वजन

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की मी तिला खाली बसवून बीपी तपासते... आणि बहुतेक वेळा ते वाढलेलंच निघतं! त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

मी आशा कार्यकर्ती. आमचं गाव आष्टी तालुक्यात, कडा गावापासून थोडं आत. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊस तोडायला बाहेर जातं. नवीन बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जायचं, ताप बघायचा, वजन करायचं, फॉर्म भरायचा, हे माझं काम. वजनाचा काटा साधाच आहे. वर आढ्याला अडकवायचा, खाली कापडी झोळी.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी सविता आणि तिचा नवरा उसाच्या फडावरून परत आले. बाळ तिकडंच पाचटाच्या कोपीत झालेलं, वीस दिवसांचं. मी गेले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते, टळटळीत ऊन. बाळ हातात घेतलं. एवढंसं लेकरू, पाय गार, अंगावर घेतलं तरी ओढत नव्हतं.

झोळीत ठेवलं. काटा थांबला — तीन किलो सहाशे.

बाळ काढलं, काटा शून्यावर. परत ठेवलं, परत तीन सहाशे. घरातला साखरेचा किलोचा पुडा ठेवून बघितला तर बरोबर एक किलो. हातात तर लेकरू दोन किलोचंही लागत नव्हतं; लगेच दवाखान्यात न्यायचं, मी म्हणाले.

"मंग कावून घाबरवायली?" सविताची सासू ठकूमावशी म्हणाली. "चांगलं भरलंय की पोरगं. सव्वा महिन्याच्या आत उंबऱ्याभायेर न्यायचं न्हाई."

"फडावरून ट्रकात घालून आनलं तवा उंबरा कुठं गेलता, मावशी? पाय बघा, किती गार हायत."

"काटा तुझाच हाय ना? का खोटा हाय?"

साखर तर काट्यानं बरोबर तोलली होती. पण लेकरू डोळ्यांदेखत मलूल होत चाललं होतं. सवितानं ते छातीशी गुंडाळलं आणि माझ्याबरोबर निघाली. आरोग्य केंद्रातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन आलं एक किलो आठशे. माझ्या आकड्याच्या बरोबर निम्मं.

"ताई, चष्मा बदला आता," डॉक्टर म्हणाले, आणि लगेच पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी लिहायला घेतली. अजून एक दिवस घरी राहिलं असतं तर हाती लागलं नसतं, असंही म्हणाले.

तीन आठवडे काचेच्या पेटीत काढून बाळ घरी आलं. सुट्टीच्या कागदावर वजन दोन किलो चारशे. मी माझा काटा अडकवला... चार किलो आठशे!

सविता दचकली नाही. सासू बाहेर गेलीय हे बघून हळूच म्हणाली, "दोगंबी वाढायलेत."

"दोघं कोण?"

"जुळं होतं, ताई. दुसरं रडलंच न्हाई. ह्यांनी बांधाला पुरलं. मला त्वांड बी दावलं न्हाई. सासूला ठावं न्हाई अजून."

मी परत काट्याकडं बघितलं — दोन चारशे आणि दोन चारशे.

मग ती रोज दुपारी बाळाला घेऊन वजन करायला माझ्याकडं यायला लागली. "एकडाव बगू द्या, ताई." मी नको म्हणायला हवं होतं, पण जमलं नाही. ती लेकराकडं बघायचीच नाही, काट्याकडं टक लावून बसायची. झोळीत पोरगं भुकेनं रडून लाल व्हायचं तरी तिला भान नसायचं. एवढ्या मुश्किलीनं वाचवलेलं लेकरू पुन्हा सुकेल या भीतीनं एक दिवस मी फाडकन बोलले, "अगं, जितं लेकरू उपाशी हाय तुझं!"

"त्याचं समदं लिवलंय तुमच्या कागदावर," ती म्हणाली. "माज्या दुसऱ्याचं कुटं लिवलंय?"

मी फॉर्म काढला आणि खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं — सविताचं दुसरं बाळ, जन्मताच मृत. तिला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"आन वजन?"

मी काट्याकडं बघितलं. पोरगं झोळीतच होतं. आदल्या दिवशी पाचच्या वर गेलेला काटा आता दोन किलो सातशेवर होता. फक्त त्याचं एकट्याचं. दुसऱ्यासाठी लिहायला माझ्याकडं काहीच उरलं नव्हतं. मी त्या ओळीपुढं वजनाची जागा कोरी सोडली.

सवितानं काट्यावरचा आकडा बघितला. मग पोराला उचललं, भिंतीला टेकली आणि त्याला पाजत पाजत रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

नंतर काटा तपासायला पाठवला. काही दोष नाही म्हणून परत आला. आमच्या सुपरवायझर मॅडम म्हणतात, बाळाच्या फॉर्मवर असली ओळ चालत नाही, खोडून टाक. मी खोडलेली नाही. हे सगळं काय होतं, मला आजही सांगता येत नाही. पोरगं गुटगुटीत आहे. सविता अजून अधूनमधून येते, पण वजन करा म्हणत नाही. ती एक ओळ वाचून दाखवा म्हणते... आणि मी वाचते.