स्कूटरचा आरसा

राष्ट्रीय रोड सायकलिंग स्पर्धेची तयारी मी एका अनोळखी माणसाच्या पाठीमागे केली. इतर मुलींचे कोच मोटरसायकलवरून पुढे जायचे, त्यांच्या आडोशाला वारा लागत नाही आणि वेग वाढतो. मला कोचच नव्हता. मग रोज सकाळी विश्रांतवाडीहून येरवड्याकडे जाणाऱ्या एका स्कूटरमागे मी गुपचूप सायकल चिकटवायचे. स्कूटर चालवणारे ते गृहस्थ कुठल्यातरी आयटी कंपनीतले असावेत. गळ्यातलं कार्ड वाऱ्याने पाठीवर येऊन फडफडायचं, पण त्यावरचं नाव मला कधी वाचता आलं नाही. खड्डा आला की त्यांचा डावा हात खाली हलायचा. मला वाटायचं, सवय असेल.

एकदा सिग्नलला ते मागे न बघताच म्हणाले, "अहो, तुमची स्पर्धा कधी संपतेय? रोज वेळेआधी ऑफिसला पोचतोय मी. साहेबांना वाटतंय, मला बढती हवीय."

तेव्हा मी त्यांचा आरसा नीट पाहिला. तो खाली, माझ्या पुढच्या चाकाकडे वळवलेला होता.

स्पर्धेत पदक नाही मिळालं, पण शेवटपर्यंत मी पुढच्या घोळक्यात टिकले. परत आल्यावर एकदा बसच्या खिडकीतून ती स्कूटर दिसली. हाक मारायला नाव नव्हतं. त्यांच्या मागे कुणीच नव्हतं, आरसा मात्र अजून खालीच वळवलेला होता.