हिरवं लुगडं नेसून कोर्टात

माझ्या नवऱ्याला ट्रक लागलाच नाही. लागले ते ट्रकातले बांबू. मागून हातभर बाहेर आलेले. तो खांद्यावर मासोळ्यांची कावड घेऊन मूल गावच्या बाजाराला निघाला होता. वळणावर ट्रक वळला, बांबूंची शेपटं फिरली आणि त्याला कडेच्या नालीत फेकून गेली. ट्रक थांबला नाही. लोक थांबले, पण आधी त्यांनी रस्त्यावर तडफडणाऱ्या मासोळ्या वेचल्या. मग त्याला उचललं.

त्या रस्त्यानं ट्रक चालायचे ते बांबूच्या एकाच ठेकेदाराचे, त्यामुळे कुणाचा होता हे विचारायची गरज नव्हती.

उजवा हात कोपरात मोडला होता. गावातल्या हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कमट्या बांधल्या. पण ताप उतरेना. नवरा डोळे उघडायचा, मला आई म्हणायचा आणि पुन्हा मिटायचा. मी त्याच्या उशाशी बसून स्वतःच्याच कपाळाला हात लावून बघायची, कुंकू आहे ना. त्या वयात अक्कल तेवढीच होती.

अशात एक दिवस दारात बैलांची दमणी थांबली. ठेकेदाराची बायको उतरली. माझ्या नवऱ्याकडे बघून तिचे डोळे भरले. ते खरं पाणी होतं की नाही, हे मला अजून सांगता येणार नाही. म्हणाली, "बाई, तुझी ओटी भराले आली. तुझं कुंकू जागेवर राहो." पदरात तांदूळ, नारळ, खण आणि वर हिरवं लुगडं, लाल काठाचं.

नवरा मरणाच्या दारात आणि सवाशिणीनं ओटी नको म्हणायची? म्हणजे आपल्या हातानं कुंकू पुसण्यासारखंच. मी ओटी घेतली आणि रीतीप्रमाणे वाकून तिच्या पाया पडले. अख्खी गल्ली बघत होती. गावचा पाटीलही.

ताप उतरला. कमट्या सोडल्या, तर हात वाकडा आणि बोटं मिटेनात. चांद्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी कोपर दाबलं तेव्हा तो ओरडला नाही, नुसता घामानं भिजला. डॉक्टर म्हणाले, "हाड चुकीचं जुळतं आहे. नागपूरला नेऊन पुन्हा मोडून बसवावं लागेल. उशीर केलात तर मूठ कधीच वळणार नाही."

आमचं पोट तळ्यावर. जाळं तो टाकायचा, मासोळी विकायची मी. फेकजाळं हवेत गोल उघडायला दोन्ही हात लागतात. एका हातानं टाकलं तर गाठोड्यासारखं पडतं. त्याला नागपूरला न्यायचं, तिथं ठेवायचं, तर ठेकेदाराकडून भरपाई मिळाल्याशिवाय दुसरी वाट नव्हती. चांद्याच्या एका वकिलानं दावा लावला. तारखा पडत राहिल्या. रोज सकाळी मी नवऱ्याच्या बोटांकडे बघायची. ती रोज थोडी आणखी ताठ वाटायची.

माझी साक्ष व्हायची होती त्या दिवशी मी पेटी उघडली आणि हिरवं लुगडं काढलं.

सासू चुलीपाशी होती. म्हणाली, "हे काऊन काढलं वं? फाटकं नेस. कोरटात गरीब दिसा लागते."

"मी का भिकारीन हाओ? साहेबासमोर चांगली दिसली पाह्यजे."

"तुले पाहाले बसला का तो साहेब?"

मी ऐकलं नाही. लग्नानंतर अंगाला लागलेलं पहिलं कोरं लुगडं ते. जाताना तळ्याच्या पाण्यात वाकून स्वतःला बघितलंसुद्धा. वाटलं, ही अशी बाई उभी राहिली की साहेब अर्धा दावा तिथंच देऊन टाकतील. नवरा शेजारी उभा होता, लोंबता हात घेऊन. त्यानं अडवलं असतं तर बरं झालं असतं.

कोर्टात माझ्या आधी पाटलाची साक्ष झाली. तो म्हणाला, तंटा गावातच मिटला. माणुसकी म्हणून जे द्यायचं ते ठेकेदारानं दिलं आणि या बाईनं ते घेतलं. मग मी उभी राहिले. ठेकेदाराचा वकील जवळ आला. माझ्याकडे न बघता माझ्या पदराकडे बघू लागला.

"लुगडं छान आहे. कुणी दिलं?"

खोटं बोलायलाही बुद्धी चालावी लागते.

"ठेकेदाराच्या बाईनं."

"कशाबद्दल?"

"ओटी भरली जी. ते भरपाई नोहे. ओटी सवाशिनीची राह्यते, मोडल्या हाताची नाई."

"मग तुम्ही काय केलंत?"

"पाया पडली."

"ज्याच्याशी भांडण आहे त्याच्या बायकोच्या पाया कोण पडतं?"

कोर्टात कुणीतरी हसलं. मी साहेबांकडे वळले. "साहेब, माह्या माणसाचा हात पाहा. त्याले जाळं टाकता येत नाई. मी कुंकवासाठी वाकली जी, पैशासाठी नाई." माझा आवाज चढला. शिपायानं गप्प बसायला सांगितलं. साहेब सज्जन होते, त्यांनी हातही पाहिला. पण त्यांच्या समोर पाटलाचा शब्द होता आणि माझ्या अंगावर पुरावा होता, निऱ्या काढून नीट नेसलेला. ओटी नाकारता येत नाही हे त्यांच्या घरच्या बायकांना ठाऊक असेल. त्या बायका कोर्टात नव्हत्या.

दावा निकाली निघाला. आमच्या विरुद्ध.

बाहेर व्हरांड्यात आमचे वकील नवऱ्याला समजावत होते. "हरलो असं समजू नका. नागपूरच्या कोर्टात अपील करता येतं."

"किती वखत लागल जी?"

"ते सांगता येत नाही. वर्ष लागेल, जास्तही लागेल."

नवऱ्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून त्यांच्या पुढे धरला, तराजूत ठेवायला मासोळी धरतात तसा. "तवपर्यंत हाड थांबन का?"

वकील मान खाली घालून चष्मा पुसू लागले.

हाड थांबलं नाही.