सदाचा कोट

सदाशिव जाधव धारचा, मी देवासचा. भरती एकाच दिवशी, पलटण एकच, आणि नऊ वर्षं आम्ही बडी होतो. बडी म्हणजे जोडीदार. खंदक एक, स्टोव्ह एक, एकाच्या पायाला फोड आला तर दुसऱ्याने बघायचा. दोघे माळव्यातले मराठी, त्यामुळे घरची भाषा बोलायला त्याला मी आणि मला तो. शेवटची पोस्टिंग बर्फात होती. तो नाईक, मी रेडिओ ऑपरेटर.

सिव्हिलच्या लोकांना जुनी किट म्हणजे चिंध्या वाटतात. अहो, फौजी लग्नाची तारीख विसरेल, पण कोणता बूट कुठे चावला ते नाही विसरणार! सदाच्या पांढऱ्या कोटाचा आतला खिसा फाटला होता. त्याने तो वहिनींच्या साडीच्या तुकड्याने शिवला. बाग गावचा छापा, लालभडक. इन्स्पेक्शनला आमचा जीव टांगणीला. साहेबांनी कधी खिसा उलटला नाही, हे आमचं नशीब.

तो कोट आता सोळंकीकडे आहे. सोळंकी मनावर गावचा, सदा गेला तेव्हा त्याला आमच्या सेक्शनमध्ये येऊन जेमतेम चार महिने झाले होते. दरवर्षी सदाच्या दिवशी आम्ही धारला त्याच्या घरी जमतो. अंगणात कंबल अंथरून त्याची किट लावतो, बराकीत लावायचो तशीच. कुणी त्याचा मग आणतं, कुणी पट्टा. सोळंकी कोट आणतो, मधोमध ठेवतो. वहिनी त्यावरून हात फिरवतात. मी रिकाम्या हाताने जातो. हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? नऊ वर्षं मी, आणि कोट त्या चार महिनेवाल्याला!

झालं ते असं. आम्ही तिघे लिंक पेट्रोलला, म्हणजे शेजारच्या चौकीपर्यंतच्या गस्तीला, सकाळी सहा दहाला निघालो. नऊ चाळीसला सोळंकीच्या पायाखालचा बर्फ फुटला. तो छातीपर्यंत नाल्यात. दोरीने ओढून काढला. कपडे चिंब, ओठ निळे. मी सेट उघडला.

"एक जवान पानी में गिरा. हालत खराब. रेस्क्यू भेजो. ओव्हर."

"हेलिकॉप्टर नहीं आएगा. पैदल पार्टी, चार घंटे. आउट."

सदाने स्वतःचा कोट काढून सोळंकीला घातला. आम्ही दगडाच्या आडोशाला बसलो. वारा वाढला. अर्ध्या तासाने मी माझा कोट सदापुढे केला.

"गप रे. आता काढलास तर दोघे जाऊ."

एक वाजता सदाचं थरथरणं थांबलं. पार्टी दोन पाचला पोहोचली. सोळंकी वाचला. त्याच्या अंगावरचा कोट पुढे स्टोअरने कंडेम केला, म्हणजे वापरातून काढला. सुभेदार साहेब त्याला म्हणाले, "तू रख ले."

यंदा मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "सोळंकी, कोट मला दे. बडी मी होतो."

"भावजी, हे काय बोलणं झालं?" वहिनी म्हणाल्या.

सोळंकीने कोट उचलला, बाह्या आत घालून नीट घडी केली आणि माझ्या हातात ठेवला. "ले जाओ, भिया. मेरे से पहले आपका हक है." त्याचे डोळे भरले होते. मला मात्र आनंद झाला. लाज वाटते, पण झाला.

मग वहिनी म्हणाल्या, "घ्या, भावजी. तुम्ही तेव्हा सेटवर होतात, नाहीतर आधी तुम्हीच दिला असता. हे म्हणायचेच तसं, माझा बडी माझ्यापेक्षा चांगला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रिपोर्टमध्येही तसंच आहे, ऑपरेटर सेटवर होता. कोट वजनाला काहीच नाही, पण माझ्याने धरवेना. मी तो सोळंकीच्या मांडीवर ठेवला.

"वहिनी, मी सेटवर नव्हतो."

मी उभा राहून सांगितलं, साहेबांसमोर सांगतात तसं. 'आउट' ऐकलं आणि मी हेडसेट उतरवला. सोळंकी माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्या कोटाची चेन गळ्यापर्यंत वर ओढली. सदा माझ्या मागे उभा होता. तो मला ओलांडून पुढे गेला.