कुटुंबाची व्याख्या

काहींना क्रिकेट लागतं, मला संसद लागते. अधिवेशन सुरू झालं की ऑफिसच्या कॅबमध्ये कानात इअरफोन घालून मी कामकाज ऐकत असते आणि अध्यक्षांनी एखाद्या आरडाओरडा करणाऱ्या खासदाराला खाली बसवलं की मला गुदगुल्या होतात. त्यामुळे बंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या आमच्या सोसायटीने मला अध्यक्ष केलं, तेव्हा आपण काय ओढवून घेतोय याची त्या बिचाऱ्यांना कल्पना नव्हती.

त्याआधी आमच्या सभा म्हणजे नुसता मासळीबाजार. मी ठरवलं, इथे संसदेसारखंच चालेल. नियमाचा मसुदा आधी मांडायचा, ते पहिलं वाचन. मग तो एका छोट्या समितीकडे जाणार. तिथून परत आला की एकेक कलम मताला टाकायचं, ज्याला बदल हवा त्याने दुरुस्ती आधी लेखी द्यायची, आणि शेवटी सगळ्या मसुद्यावर मत. मत फक्त फ्लॅटमालकांना. घरातल्या बाकीच्यांसाठी मागे खुर्च्या मांडल्या, ती प्रेक्षक गॅलरी. तिथे नुसतं ऐकायचं. टाळ्या नाहीत, खाणाखुणा नाहीत, बोलणं तर नाहीच.

नवरा म्हणाला, "आणि राज्यसभा कुठून आणणार?"

"एक सभागृह पुरे आहे आपल्याला," मी ठणकावून सांगितलं. दुसरं सभागृह उगीच ठेवलेलं नसतं, हे मला फार उशिरा कळलं. पहिल्याने घाईत काय करून ठेवलंय ते कुणीतरी शांतपणे बघायला हवं असतं.

बाबा गेल्यावर आई नागपूरहून माझ्याकडे राहायला आली होती. सुरुवातीला ती दिवसभर बाल्कनीत बसून खालच्या गाड्या बघायची. मग तिला सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये आमच्याच शेजारच्या इमारतीतल्या एक कन्नड आजी भेटल्या. त्या चौकाबारा मांडून बसल्या होत्या. आईने पट पाहिला आणि म्हणाली, "अगं बाई, हा तर आमचा अष्टाचंग!" आईला कन्नड येत नाही, आजींचं हिंदी जेमतेम. पण रोज दुपारी दोघी कवड्या टाकत आणि सोंगट्या मारल्या की कडकडून भांडत. आई आजींना अक्का म्हणायला लागली, घरी आल्यावर माझ्याशी 'बरं, बरं'च्या जागी कन्नड 'सरी, सरी' करायला लागली. ती पुन्हा पोटभर जेवू लागली ती तेव्हापासून.

याच वर्षी क्लब हाऊसच्या वापराचा नियम आला. बाहेरचे लोक पोहायला येतात ही तक्रार होती आणि ती खरीच होती. समितीने दुसऱ्या कुठल्याशा सोसायटीचा मसुदा उचलून आणला: क्लब हाऊस फक्त मालक आणि त्यांच्या कुटुंबासाठी. सभेला हॉल भरला होता. आई मागे गॅलरीत, नवी साडी नेसून. लेक अध्यक्ष झालेली बघायला आली होती.

संसदेत विधेयकाचं पहिलं कलम, म्हणजे त्याचं नाव, शेवटी मताला घेतात. मीही तसंच केलं, या बारकाव्याचा केवढा अभिमान होता मला! म्हणून सुरुवात कलम दोनपासून झाली. कलम दोन म्हणजे व्याख्या. मी ते इंग्रजीत वाचलं, मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत: "परिवार यानी मालिक, पति या पत्नी, और बच्चे."

मागे आईचा हात वर गेला.

मी पाहिलं. आई आहे हेही पाहिलं. आणि माइकमध्ये म्हणाले, "गॅलरीतल्या पाहुण्यांनी कृपया हात वर करू नये. त्यांना सभागृहात बोलता येत नाही." लोक हसले. आईने हात खाली घेतला आणि पदर नीट केला. मी आवाजी मतदान घेतलं, 'होय'चा गजर झाला, कलम संमत. त्या हशाने मी सुखावले होते, हे लिहिताना माझे कान तापतात.

नंतर एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आले. क्लब हाऊसच्या काचेच्या दारासमोर, बाहेरच्या पायरीवर आई बसली होती. आजी दारात खुर्ची ओढून आत बसल्या होत्या. फ्लॅट त्यांच्याच नावावर. पट उंबऱ्यावर मांडलेला. कुणी आलं-गेलं की दोघी तो उचलायच्या आणि पुन्हा मांडायच्या. मी वॉचमनला फैलावर घेतलं. तो चाचरत म्हणाला, "मॅडम, आंटी का कार्ड बंद है. नया रूल." रूल माझाच होता. माझ्या सहीचा कागद त्याच्या टेबलावर चिकटवलेला होता. त्या कागदाप्रमाणे माझी आई माझ्या कुटुंबात नव्हती.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आईने घरी चकार शब्द काढला नव्हता.

संध्याकाळी ती भाजी निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि एका दमात सांगून टाकलं: चुकलं माझं, पुढच्या सभेत दुरुस्ती आणते, 'आई-वडील' घालते, तू हात वर केलास तेव्हाच मी ऐकायला हवं होतं, तुझा क्लब मी काढून घेतला.

"क्लबचं काय घेऊन बसलीस?" आई म्हणाली. "तेव्हा माझ्या डोक्यात क्लब नव्हताच. तू वाचून राहिली होतीस ना, मला वाटलं, वाचता वाचता तुझा एक शब्द सुटला. चारचौघांत तुझं हसं नको व्हायला, म्हणून सांगायला हात वर केला."

माझा शब्द सुटला नव्हता. तो त्या कागदावर नव्हताच, आणि दोन भाषांत वाचूनही मला त्याची उणीव भासली नव्हती.