बाथरूमची काच

आमच्या बाथरूममध्ये काच बसवायची ठरली ती शोभेसाठी नाही. आई ओल्या फरशीवर घसरली होती. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि नंतर वॉकर धरून ती जेमतेम चार पावलं टाकायला लागली. कमोडपर्यंत तिला मी धरून न्यायचे. ती सगळा वेळ तोंड फिरवून असायची, इतकी तिला लाज वाटायची. अंघोळीची बाजू काचेने तोडली की उरलेली फरशी कोरडी राहील आणि आई एकटी जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पुण्याच्या भावाला हे फोनवर सांगितलं, तर म्हणाला, पडदा लाव ना, काच म्हणजे हॉटेलचे चोचले. पडद्याखालून पाणी वाहतं हे त्याला कुठून कळणार? आईच्या घरातली फरशी त्याने कधी पुसली होती?

सातपूरहून कारागीर आला, तोही कबूल केल्यापेक्षा एक दिवस उशिरा. त्याने भिंतीला पट्टी ठोकली, जाड काच उभी केली आणि तिच्या बुडाशी सिलिकॉनची रेघ ओढून ती ओल्या बोटाने दाबत गेला. जाताना म्हणाला, "ताई, उद्या संध्याकाळपर्यंत अंघोळ बंद. वरून सुकल्यागत वाटेल, पण आतून कच्चंच राहतं."

दुसऱ्या दिवशी मी सकाळी शेजारणीकडे अंघोळ करून आले, आईचं अंग पुसून दिलं. आणि दुपारी भाऊ दारात उभा. त्याच्या इथल्या मित्राचे वडील गेले होते, तो अमरधामातून थेट आमच्याकडे आला होता. मयतीवरून आलेला माणूस अंघोळीशिवाय घरात वावरत नाही, हे मलाही मान्य. मी म्हटलं, काचेचं काम ओलं आहे, गंगेवर जाऊन ये; गावच्या नदीला आम्ही गंगाच म्हणतो. अर्धा देश तिथे बुडी मारायला येतो. त्याने नाक मुरडलं. शेजारी जा म्हटलं, तर मयतीचं अंग घेऊन लोकांच्या घरी कसं जायचं, म्हणाला. तेही खरंच होतं. शेवटी मागच्या बाल्कनीत बादली ठेवते म्हणून मी पाणी तापवायला वळले, तेवढ्यात हा आत शिरला. सिलिकॉनला बोट लावून "सुकलंय की" म्हणाला आणि दार लावून घेतलं. मी दार बडवत राहिले. आत बादलीवर बादली ओतल्याचा आवाज येत होता.

बाहेर येऊन त्याने चहा मागितला. मी आत डोकावले. सिलिकॉन एका कोपऱ्यापासून सुटून दोऱ्यासारखं लोंबत होतं आणि पाणी पार कमोडपर्यंत पसरलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग हॉलमध्ये जे भांडण जुंपलं ते बराच वेळ चाललं. एका काचेसाठी एवढा तमाशा, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मी आईच्या खोलीत गेले, तर ती पलंगाच्या कडेला बसली होती. साडी भिजलेली होती. ती बाथरूमच्या दारापर्यंत एकटी गेली होती, पाणी पाहून घाबरून परत फिरली आणि वाटेतच तिला आवरलं नाही. हाक का नाही मारलीस, मी विचारलं.

"तुम्ही भांडत होतात," ती म्हणाली. "त्याला सांगू नकोस. उगाच मनाला लावून घेईल."

मी तिची साडी बदलली, बाहेर आले आणि त्याच्या हातात पोछा देऊन सगळं सांगितलं. मुद्दाम मोठ्याने सांगितलं. त्याने मान खाली घालून फरशी पुसली. खोलीत आईला शब्दन् शब्द ऐकू गेला. संध्याकाळी तो निघाला तेव्हा तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता मला म्हणाली, त्याला चिवडा बांधून दे. मी दिला, पण पिशवी त्याच्यासमोर आपटून.

कारागीर पुन्हा येऊन नवी रेघ ओढून गेला. आता फरशी कोरडी असते आणि आई एकटी जाते. जाते आणि आतून कडी लावते. परत पडलीस तर मी आत कशी येऊ, असं मी एकदा चिडून विचारलं.

"तू येऊच नकोस," ती म्हणाली.